वरचे सूर

३ सप्टेंबर

ती. वहिनी,

फोन केला की मी रडतो आणि तुम्ही गप्प बसता. मग लेक तुमच्या हातातून फोन घेते आणि म्हणते, “काका, नंतर बोलू या.” त्यापेक्षा कागद बरा. कागदावर रडलो तरी तुम्हाला ऐकू येणार नाही.

मोठ्या हॉलमध्ये आवाज सांभाळायची दादाची जागा मला दिली. मॅनेजर म्हणाला, “हॉल तुमच्या भावाने नावारूपाला आणला, आता तुम्ही सांभाळा.” मी आजवर शाळांची पटांगणं आणि छोटे हॉल करत भाड्याचे स्पीकर घेऊन हिंडलो. दादा असता तर म्हणाला असता, गाढवाला गुळाची चव काय! आणि मग स्वतःच येऊन सगळं लावून दिलं असतं.

मोसम चांगला आहे. बाहेरच्या फलकावर पुढचे कार्यक्रम लागलेत. पियानो आहे, दोन बहिणींचं व्हायोलिन आहे, जुन्या सिनेमा थिएटरात वाजवणारा सॅक्सोफोनवाला यंदा आपल्याकडे येतोय, शिक्षकांचं समूहगान आहे. आणि ऑक्टोबरात बाईंचं गाणं. त्याच बाई, ज्या मागच्या मोसमात इथे गाऊन गेल्या आणि पुन्हा येणार नाही म्हणाल्या. दादासाठी म्हणून त्या परत येतायत. त्यांच्या नावाखाली मॅनेजरने ठळक छापलंय, ‘कान यांच्या स्मृतीस. आवाज त्यांनीच बांधलेला.’ शहरातले सगळे हॉलवाले दादाला ‘कान’ म्हणायचे हे काय नवीन नाही. पण ‘स्मृतीस’ वाचलं आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. वहिनी, तुम्ही दादाचा मिक्सर पाहिलाय, पण तो सुरू होताना पाहिला नसेल. दादाने हॉलचा आवाज त्यात साठवून ठेवलाय. एक बटण दाबायचं. मग खाली पडलेले सगळे फेडर, आवाज कमीजास्त करायचे ते सरकते दांडे, आपोआप वर जायला लागतात. त्यांना आतून मोटर असते. दादाच्या बोटांनी ते जिथे सोडले होते, बरोबर तिथे जाऊन थांबतात. कोणी हात लावलेला नसतो. मला मोटर माहीत आहे, मी स्वतः अशा मोटर बदलल्या आहेत. तरी मी हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो.

अगदी उजवीकडे एक फेडर आहे. त्याच्या पट्टीवर दादाच्या अक्षरात ‘घर’ लिहिलंय. तो पूर्ण वर जातो. त्याचा आवाज हॉलमध्ये जात नाही, फक्त हेडफोनमध्ये येतो. मी हेडफोन लावला. हॉल रिकामा होता, दारं बंद होती. वहिनी, कोणीतरी श्वास घेत होतं.

मी भित्रा नाही. बरं, आहे. वायर भिंतीत शिरते, तिच्या मागे जायची हिंमत झाली नाही. हे काय आहे, तुम्हाला काही माहीत आहे का?

तुमचा,
भाऊजी


१० सप्टेंबर

प्रिय भाऊजी,

पत्र मिळालं. तुम्हाला जागा मिळाली हे चांगलं झालं. ह्यांना आनंद झाला असता, पण तुमच्या तोंडावर बोलले नसते.

श्वासाचं मनावर घेऊ नका. जुनी इमारत आहे, हवा कुठून ना कुठून फिरते. तो फेडर खाली ओढून ठेवा म्हणजे झालं. ज्याचं काम नाही ते उघडं ठेवू नये.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतून निवृत्त झाले तेव्हाही इतका रिकामा वेळ नव्हता. लेकीचं घर मोठं आहे आणि फार शांत आहे. आमच्याकडे काही ना काही चालू असायचं, नळ, किटली, ह्यांचं गुणगुणणं. इथे काहीच नाही. हे गेल्यापासून असंच आहे, जणू कोणी जगावर चादर टाकली आहे. लेक म्हणते, “आई, दाराची घंटा वाजते आणि तू समोर बसून राहतेस.” लक्ष नसतं माझं.

बाई येणार हे वाचलं. त्यांना ह्यांचा आवाज आवडला नव्हता, मग ह्यांच्याच नावाच्या कार्यक्रमाला त्यांना कशाला बोलावलं? असो. मॅनेजरला कळत असेल.

जेवण वेळेवर करत जा.

वहिनी


२५ सप्टेंबर

ती. वहिनी,

तुम्ही सांगितलंत म्हणून ‘घर’चा फेडर रोज खाली ओढतो. पण बटण दाबलं की तो परत वर जातो. सगळ्यांच्या शेवटी जातो, घाई नसल्यासारखा.

पियानोच्या दिवशी मी विसरलो आणि तो वरच राहिला. मी हेडफोन लावला. मध्येच एक बाई कुजबुजली, “झोपलात की काय?” आणि एक माणूस म्हणाला, “डोळे मिटून ऐकतोय गं.” वहिनी, हे दादाचं वाक्य आहे. मी हेडफोन असा काढून फेकला की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

हे एक झालं. दुसरं त्याहून वाईट आहे.

बाई काल हॉल बघायला आल्या. दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, “आवाज असाच राहणार असेल तर मी गाणार नाही. माझा ‘स’ सुईसारखा टोचतोय.”

मी म्हटलं, “बाई, हा कानांनी बांधलेला आवाज आहे.”

“म्हणून तर सांगते. माणूस मोठा होता, मला मुलीसारखं वागवलं त्यांनी. पण शेवटी शेवटी त्यांना वरचं ऐकू येत नव्हतं. ज्याच्या जिभेला मीठ लागत नाही, तो मीठ जास्तच घालतो.”

मी काय बोललो ते लिहीत नाही. मॅनेजर मध्ये पडला म्हणून बरं. बाहेर नेऊन तो मला म्हणाला, “भाऊ गेले, हॉल आहे. बाई गेल्या तर हॉलही जाईल. पुढचे सगळे कार्यक्रम तिच्याकडे बघून आलेत. तिला हवा तसा आवाज द्या, नाहीतर मला दुसरा माणूस बघू दे.” मी विचारलं, “मग फलकावर जे छापलंय त्याचं काय?” तर म्हणतो, “फलक कोण ऐकतंय?”

ते सगळे गेल्यावर मी बसलो. दादाने दर मोसमाचा आवाज वेगळा साठवलाय. मी ते एकामागून एक उघडले. जुने अगदी सरळ आहेत. मग गेल्या काही वर्षांत वरचे सूर दर मोसमाला थोडे थोडे वाढत गेलेत. एकदम नाही. एकेक पायरी चढावी तसे.

वहिनी, दादाला ऐकू येत नव्हतं का?

मी आवाज बदलला तर साऱ्या शहराला सांगितल्यासारखं होईल की ज्याला तुम्ही कान म्हणत होतात तो बहिरा होता. नाही बदलला तर बाई जातील आणि मीही जाईन. माझं काय, मी परत पटांगणात जाईन. पण तो हॉल म्हणजे दादा आहे. रोज बटण दाबतो तेव्हा तो येतो. त्याला मी माझ्या हाताने कसा पुसू? तुम्ही सांगाल तसं करतो.

भाऊजी


२ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, आणि एकदाच लिहिते.

हो, ह्यांना वरचं ऐकू येईनासं झालं होतं. आधी किटलीची शिट्टी गेली. मग एका संध्याकाळी कार्यक्रमाहून आले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “व्हायोलिन वर गेलं की नुसता गज हलताना दिसतो. येत काही नाही.” दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला निघाले होते. म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, “मी बसते ना.”

मधल्या रांगेत कडेची खुर्ची आहे. तिच्या हाताखाली ह्यांनी बटणाएवढा माइक बसवला. तिथे बसून मी सांगायची आणि ते हेडफोनमध्ये ऐकायचे. “वरचं जरा कमी.” “आता पुन्हा थोडं.” “हां, राहू दे.” फार बोलावं लागायचं नाही. शेजारच्यांना वाटायचं मी गाण्याबरोबर पुटपुटते आहे. लोक म्हणायचे, काय जोडी आहे, नवऱ्याचा एक कार्यक्रम चुकवत नाही. मी हसायची.

फेडरला ‘घर’ हे नाव ह्यांनी दिलं. का दिलं ते मी विचारलं नाही.

तेव्हा श्वास वगैरे काही नाही. त्या खुर्चीखाली हवेची जाळी आहे. आणि तुम्ही ऐकलंत ते कोणी नवराबायको असतील, आता ती खुर्ची कोणालाही मिळते. डोळे मिटून ऐकतोय असं सगळेच नवरे म्हणतात.

आता बाईंचं. त्या म्हणतात ते अर्धं खरं आहे. ह्यांचे कान गेले होते, पण आवाज बिघडला नव्हता, कारण तो मी ऐकत होते. मी ठीक आहे म्हटल्याशिवाय ह्यांनी कधी हात काढला नाही. शेवटच्या कार्यक्रमापर्यंत मी त्या खुर्चीवर होते. वरचे सूर का वाढले ते मला माहीत नाही. मधे पडदे नवे आले, खुर्च्यांच्या गाद्या जाड झाल्या, ते सगळं आवाज खातं, म्हणून लागले असतील. मला जेवढं लागलं तेवढंच मी सांगितलं.

म्हणजे बाईंचं भांडण ह्यांच्याशी नाही, माझ्याशी आहे. जन्मभर मी काचपट्टीवर लोकांचं रक्त तपासलं. डॉक्टर घाई करत असले तरी दिसलं तेवढंच सांगितलं. ह्या बाबतीतही तसंच केलं आहे.

काहीही हलवू नका. बाईंच्या तालमीला मी येते. त्या खुर्चीवर बसते आणि सांगते. त्यानंतर त्यांना काय म्हणायचं ते त्यांनी माझ्यासमोर म्हणावं.

लेकीला फक्त एवढंच सांगितलं आहे की भाऊजींना भेटायला जाते.

वहिनी


२० ऑक्टोबर

ती. वहिनी,

तालमीनंतर तुम्ही न सांगता निघून गेलात. मी मिक्सरमागून बाहेर येईपर्यंत खुर्ची रिकामी होती. स्टँडवर गेलो, तिथेही नव्हतात. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “आई मैत्रिणीकडे थांबणार आहे.” तुमची इथे मैत्रीण कोण, मला माहीत नाही. पुढे मी शोधलं नाही. तुम्हाला नको असणार.

त्या दिवशी काय झालं ते मी लिहितो, कारण आपण त्यावर बोललो नाही. आणि न बोललेलं मला रोज ऐकू येतं.

तुम्ही बसलात. मी बटण दाबलं, सगळं दादाच्या जागेवर आलं. हेडफोनमध्ये तुमचा आवाज आला, “येतंय का?” मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आता बाईंची खैर नाही. बाई गायला लागल्या. तुम्ही म्हणालात, “छान आहे. हलवू नका.” मग बाई माइकच्या जरा जवळ आल्या आणि तेवढ्यात स्पीकरमधून शिट्टी निघाली. बारीक, तारेसारखी. साथीदारांनी वाद्यं सोडून कान झाकले. मॅनेजर दाराशी होता, त्याने झाकले. बाईंनी दोन्ही हातांनी झाकले. माझे दात शिवशिवले. आणि हेडफोनमध्ये तुम्ही शांतपणे म्हणालात, “हां, आता अगदी बरोबर.”

मी मान वर केली. तुम्ही सगळ्यांकडे बघत होतात. एकेकाचे हात बघत होतात. तुम्हाला कळलं ते मला दिसलं. मी आवाज खाली ओढला तरी तुम्ही तशाच बसून होतात. मग हेडफोनमध्ये फक्त श्वास येत होता. तो हवेचा नव्हता.

बाई चांगल्या आहेत हो. त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी नंतर मला हळूच म्हणाल्या, “त्या घरच्या होत्या ना? त्यांना सांगा, माझं चुकलं.” मी म्हटलं, “तुमचं काही चुकलेलं नाही.”

कार्यक्रमाच्या दिवशी मी दादाचं बटण दाबलं नाही. सगळं सपाट करून पहिल्यापासून बांधलं. वहिनी, लोक हलले नाहीत. शेवटच्या गाण्याला कितीतरी जण डोळे पुसत होते. बाई दादाबद्दल फार चांगलं बोलल्या, कानाबद्दल एक अक्षर नाही. मॅनेजर येऊन पाठ थोपटून गेला. मी घरी जाऊन न जेवता झोपलो.

दादाचा आवाज मी अजून पुसलेला नाही. सगळे मोसम तसेच आहेत. पण मॅनेजर म्हणतो, मिक्सरमध्ये एकच आवाज साठवलेला ठेवा, कोणी चुकून जुनं बटण दाबलं तर भर कार्यक्रमात फजिती होईल. तो बरोबर बोलतो. तरी मी हात लावणार नाही. आता मला कळलंय की तो आवाज एकट्या दादाचा नाही. तुम्ही नाही म्हणालात तर नाही, मग नोकरी जाऊ दे.

रागावला असाल तर तसं लिहा. पण लिहा.

भाऊजी


३ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

रागावले नव्हते. लाज वाटली होती, म्हणून निघाले. मैत्रीण वगैरे कोणी नाही. स्टँडसमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली. लेकीला सांगू नका, ती उगाच आकांडतांडव करेल.

इथे आल्यावर तिच्याच बरोबर कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बरीच बटणं दाबली. बाहेर आल्यावर तपासणाऱ्या मुलीने हळूच सांगितलं, “आजी, त्यातल्या निम्म्या वेळा आम्ही काहीच वाजवलं नव्हतं.” मग तिने आलेख दाखवला. आलेख मला वाचता येतो. डावीकडे सरळ आहे आणि उजवीकडे उतरत गेला आहे. म्हणाली, वयाने होतं, हळूहळू होतं, आपल्याला कळत नाही.

ह्यांचे आधी गेले, माझे मागून. ह्यांना ऐकू येत नाही म्हणून मी सांगायची, आणि मला कमी यायला लागलं तसं मी वाढवायला सांगायची. ते वाढवायचे. दोघांनाही बरोबर वाटायचं. तुम्ही पाहिलंत, एकेक पायरी. आम्ही हात धरून उतरत होतो आणि समजत होतो की सपाटीवर चाललो आहोत.

हे गेल्यापासून घर शांत झालं असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते सगळंच ह्यांच्यामुळे नव्हतं. घंटा वाजत होती, किटलीही वाजत असणार. माझ्या दुःखाचा एवढा भाग तर नुसता वयाचा निघाला. कोणता किती, ते आता वेगळं करता येत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. बाईंच्या कार्यक्रमाला मी होते. खिडकीवर तिकीट काढून अगदी शेवटच्या रांगेत बसले होते. तुम्ही बांधलेला आवाज ऐकला. भाऊजी, मला तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. बाई गात होत्या, लोक रडत होते, आणि मी लोकांकडे बघत होते. त्यांना काय मिळतंय ते मला दिसत होतं. मला मिळत नव्हतं. आणि तालमीच्या दिवशीचा ह्यांचा आवाज मला अगदी स्वच्छ आला होता, एकेक शब्द. अजूनही मला तोच बरोबर वाटतो. तो बरोबर वाटणारी आता जगात मी एकटी आहे.

एका बाईसाठी हॉल ठेवत नाहीत. तुम्ही ते सगळं पुसा. सगळे मोसम. माइकही काढा, नाहीतर तुम्ही हेडफोन लावून लोकांच्या बायका ऐकत बसाल. पुसताना दादाला पुसतोय असं मनात आणू नका. ते तिथे नव्हते. तिथे आमचं म्हातारपण होतं, आणि तेवढं आमच्याजवळ राहिलं तर चालेल.

लोक विचारतील. कान बहिरे होते का असं कोणी विचारलंच तर हो म्हणा, आणि त्यांची बायकोही, असं सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आम्हीच लपवलं.

फलकावर शिक्षकांचं समूहगान आहे असं तुम्ही लिहिलं होतं. त्याचं एक तिकीट माझ्यासाठी ठेवा. कुठल्याही रांगेतलं चालेल. इतकी वर्षं मी हॉलमध्ये गाणं ऐकलं नाही, तपासलं. आता जेवढं येईल तेवढं ऐकायचं आहे. त्या दिवशी तुमच्याकडेच जेवेन. पण कार्यक्रम संपल्यावर आवाज कसा होता, ते मला विचारू नका.

वहिनी